पाचपैकी आठ

सरांनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांच्या वर्गात एकालाही कॉपी करून पास होता आलं नाही. भूगोल किती जणांना आला हा वेगळा विषय आहे, त्यात आपण जायला नको.

त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बिस्किटं नव्हती. जप्त केलेल्या चिठ्ठ्या होत्या, आणि प्रत्येक चिठ्ठीला सरांच्या सुवाच्य अक्षरातलं लेबल होतं: तारीख, इयत्ता, लपवण्याची जागा. ‘मोजा, डावा.’ ‘खोडरबर, आतून पोकळ.’ ‘हाताचं प्लास्टर, हात मोडलेला नव्हता.’ ‘जिभेखाली, नद्या पुसट.’ एका लेबलवर नुसतं ‘कंपासपेटी, झाकणाच्या आत. मुलगा.’ असं होतं. हा मुलगा म्हणजे सरांचाच मुलगा. नववीत असताना सापडला होता. नियमाप्रमाणे सरांनी पालकांना पत्र पाठवलं. ते पत्र संध्याकाळी घरी सरांनीच फोडलं, वाचून संतापले, दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पालक म्हणून शाळेत जाऊन स्वतःची वाट बघत बाकावर बसले. वीस मिनिटं बसले. मग मुख्याध्यापकांनी शिपायाकरवी त्यांना घरी पाठवलं. “शिक्षक रजेवर आहेत, उद्या या,” असा निरोप होता.

अशा माणसाला निवृत्त केल्यावर काय होणार? पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी एका सकाळी सर दूध आणायला म्हणून निघाले ते थेट शाळेत गेले, आठवीच्या वर्गात शिरले आणि वाऱ्यांचे प्रकार शिकवू लागले. नवीन आलेली शिक्षिका मागच्या बाकावर बसून टिपणं काढत होती. वीस मिनिटांनी सरांच्या हातातली दुधाची रिकामी पिशवी त्यांना दिसली, तेव्हा कुठे आपण निवृत्त झालो आहोत हे लक्षात आलं. त्यांनी गृहपाठ दिला आणि बाहेर पडले.

घरच्यांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि एक घड्याळ काढायला सांगितलं.

“ही प्रश्नपत्रिका कुणी काढली?” सरांनी विचारलं.

“ही एक ठरलेली चाचणी असते, काका.”

“विभाग नाहीत. अंतर्गत पर्याय नाहीत. एकूण गुण किती ते लिहिलेलं नाही. आणि पर्यवेक्षक कोण?”

डॉक्टर म्हणाले, पर्यवेक्षक मीच. सर म्हणाले, तुम्ही पेपर चालू असताना दोनदा फोनवर बोललात.

घरी येऊन सरांनी स्वतःची परीक्षा स्वतःच काढायचं ठरवलं. दोनशे पानी वहीत साठ प्रश्नांची पेढी तयार केली. ‘घराच्या दाराचा पहिला रंग कोणता?’ ‘सध्या कोणतं वर्ष चालू आहे? कारणे द्या.’ ‘सूनबाईंच्या वडिलांसमोर कोणता विषय काढू नये?’ ‘टीप लिहा: थोरला मेहुणा.’ दर तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी दहा वाजता, चिठ्ठ्या टाकून त्यातले वीस प्रश्न निवडायचे. प्रत्येकी पाच गुण, वेळ दीड तास. आदर्श उत्तरं परीक्षार्थीच्या हाती असणं बरं नाही, म्हणून ती बायकोने लिहून तिच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. पर्यवेक्षकही तीच. ती इस्पितळात मेट्रन होती आणि तिच्या वॉर्डात पेशंट परवानगीशिवाय कुशीवर वळत नसत. पेपर तपासायला बाहेरचा तटस्थ माणूस हवा, म्हणून शाळेतले चित्रकलावाले सर. तेही निवृत्तच. त्यांना घरात सगळे ‘चित्रकलावाले’ म्हणत, आणि शाळेतही म्हणत, आणि बहुधा त्यांच्या घरीही.

वहीच्या पहिल्या पानावर नियम होता. ‘पस्तीसपेक्षा कमी गुण पडल्यास परीक्षार्थी नातीला शाळेतून आणायला जाणार नाही. निर्णय अंतिम राहील.’ खाली सही.

हे एवढं एकच कलम सरांच्या जिवाला लागलेलं होतं. नात तिसरीत होती. अंगाने एवढीशी, म्हणून सर तिला नकाशावरच्या गावासारखी ‘ठिपकी’ म्हणत. दुपारी साडेबाराला शाळा सुटायची आणि चौदा मिनिटांचा रस्ता दोघं मिळून पाऊण तासात चालायचे. दिवसाचे उरलेले सव्वातेवीस तास सर त्याच्यासाठी काढायचे.

पहिल्या परीक्षेत अठ्ठ्याऐंशी पडले. मग एकाहत्तर. मग अठ्ठावन्न. मग चव्वेचाळीस. पाचवी परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा सरांनी आलेख काढला, बिंदू जोडले, पुढे तुटक रेघ ओढली आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दाखवला.

“बघितलंत? इतकी सरळ रेघ मला कधी पर्जन्यमानाच्या आलेखातसुद्धा मिळाली नव्हती.”

मुलाने रेघ बघितली. ती पुढच्या रविवारी तिशीच्या आसपास उतरत होती.

“छान आहे, बाबा,” तो म्हणाला, आणि जेवण अर्धवट टाकून उठला.

त्याच आठवड्यात जिन्यात घरच्यांची गुप्त बैठक भरली. जिन्यातलं बोलणं बाथरूमच्या झरोक्यातून शब्दन् शब्द ऐकू येतं हे घरात फक्त सरांना माहीत होतं. तो प्रश्न पेढीत नव्हता.

“आपण त्यांना उत्तरं पुरवायची,” मुलगा म्हणत होता. “कोणते वीस येतील माहीत नाही, तर साठच्या साठ काढून ठेवू. प्रश्न मी वहीतून उतरवून घेतलेत. सोप्पंय.”

“काढ,” सूनबाई म्हणाल्या. “दाराचा पहिला रंग?”

कठड्यावर बोटं वाजवल्याचा आवाज आला.

“हिरवा?”

“तू जन्मलास ना या घरात?”

“जन्मताना मी दाराकडे बघत नव्हतो!”

“तुझ्या कपाळावरची खूण कशाची?”

“पडलो असेन.”

“कशावरून?”

“उंचावरून.”

झरोक्याखाली उभ्या सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. मुलाला सव्वीस पडत होते. सूनबाईंना, परघरच्या असूनही, एकतीस. वय अनुक्रमे एक्केचाळीस आणि अडतीस. दोघंही रोज एकटे घराबाहेर जात होते आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं.

“आजी सांगेल ना सगळी उत्तरं,” ठिपकीचा आवाज आला.

“आजी पर्यवेक्षक आहे. ती मरेल पण सांगणार नाही.”

“मी त्यांच्या कपाटातून उत्तरांचा कागद काढलाय,” सूनबाई म्हणाल्या.

सरांना इतकी वर्षं सुनेबद्दल जो आदर होता तो वाढला की कमी झाला हे त्यांना ठरवता येईना.

रविवार उजाडला. दहाला दहा कमी असताना सर दाढी करून, दोन पेनं आणि पट्टी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. मेट्रनने त्यांचे खिसे तपासले, बाह्या वर करायला लावल्या, चष्म्याची काच उजेडात धरून बघितली आणि दहाच्या ठोक्याला पेपर दिला. चित्रकलावाले बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले.

दहा वाजून सात मिनिटांनी मुलगा शिडी घेऊन आत आला. तो लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता. त्यांच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट अकरा महिने बंद होती, पण त्याबद्दल विचारलं की तो म्हणायचा की ती दुसऱ्या कंपनीची आहे.

“ट्यूब जरा फडफडतेय,” तो म्हणाला आणि शिडीवर चढला. दिवसाउजेडी ट्यूब बंद होती. चढला आणि एकेक पाय मागे उचलून उभा राहू लागला, बगळ्यासारखा. सरांनी वर बघितलं. बुटांच्या तळाला कागद चिकटवलेले होते. डाव्यावर प्रश्न एक ते तीस, उजव्यावर एकतीस ते साठ.

“अक्षर बारीक आहे,” सर म्हणाले.

“जागाच तेवढी आहे, बाबा.”

“चिठ्ठ्या दोन. खाली उतर. बूट इथे ठेव.”

मुलगा मोज्यांवर बाहेर गेला. नववीतही तो असाच मान खाली घालून गेला होता, फक्त तेव्हा केस जास्त होते. सरांनी बुटांवरचे कागद सोडवले, घडी घातली आणि डब्यात टाकण्यासाठी बाजूला ठेवले. पण तेवढ्यात तीन उत्तरं नजरेला पडली होती. सरांचा स्वतःचा नियम असा होता, की गैरमार्गाने दिसलेलं उत्तर परीक्षार्थीने लिहायचं नाही, तो प्रश्न आडव्या रेघेने खोडायचा. तीनपैकी दोन त्यांना आधीपासून येत होते. त्यांनी तीनही खोडले.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी सूनबाई आल्या. त्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करत. “बाबा, तुम्ही लिहा, मी फक्त हे टांगते,” असं म्हणत त्यांनी समोरच्या भिंतीवर नजर तपासायचा तक्ता अडकवला. वरच्या ओळीत भलंमोठं ‘पिवळा’ होतं. खालच्या ओळीत त्याहून लहान ‘नळदुरुस्ती’. पुढे अक्षरं उतरत उतरत पार मुंगीएवढी झाली होती.

सरांना सहज तीन ओळी वाचता आल्या. वयाच्या मानाने नजर उत्तम होती. त्यातली वरची एक ओळ त्यांच्या पेपरातल्या दाराच्या प्रश्नाची आणि दुसरी व्याह्यांची. दार पिवळंच होतं, हे त्यांना स्वप्नातही आठवलं असतं. ते त्यांनी स्वतः रंगवलं होतं. आणि व्याह्यांसमोर नळाचा विषय काढू नये हे तर शेजाऱ्यांनाही माहीत होतं.

“सूनबाई.”

“काय बाबा?”

“तक्ता काढून द्या. आणि मागे तारीख लिहा.”

दोन प्रश्न आणखी खोडले गेले.

पावणेअकराला ठिपकी पाण्याचा पेला घेऊन आली. पेला तिने एका बोटाने आणि अंगठ्याने धरला होता, म्हणजे उरलेला तळवा आजोबांना दिसावा. तळव्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘बाबाच्या कपाळाची खूण – खडूच्या खोक्यावरून घसरला.’ लिहिताना जागा संपल्यामुळे ‘घसरला’ मनगटावर गेला होता.

चिठ्ठी जप्त करता येते. तळवा कसा करणार? सरांनी थोडा विचार केला आणि मागचा कोरा कागद पुढे सरकवला.

“हे इथे उतरवून काढ. मग खाली जागा लिही: ‘तळवा, डावा.’ मग हात धू.”

ठिपकीने सगळं नीट लिहिलं. मग हळू आवाजात विचारलं, “हे आठवत नव्हतं ना, आजोबा?”

“आठवत होतं.”

“मग?”

“आता लिहिता येणार नाही.”

ती तशीच उभी राहिली. पेल्यातलं पाणी थोडं हललं. “म्हणजे माझ्यामुळे पाच गेले?”

सरांनी पट्टी लावून प्रश्न खोडला. रेघ जरा वाकडी आली.

आता उरले चौदा. त्यातला सतरावा असा होता: ‘पत्नीला प्रथम पाहिलं तेव्हा तिच्या हातात काय होतं?’ सरांनी पेन टेकवलं, आणि तेवढ्यात मेट्रन टेबलाभोवती फेरी मारायला उठली. तिच्या हातात छत्री होती. घरात, कोरड्या हवेत, कडक ऊन असताना. तिने ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

सरांचं पेन थबकलं. मुलगा ठीक आहे, तो आधीपासूनच त्या लाइनला होता. सूनबाई ठीक आहेत, बाहेरून आलेल्या. पण मेट्रन! जिने थोरल्या मेहुण्याला स्वतःच्या लग्नात रांग मोडली म्हणून मागे उभं केलं होतं!

मात्र एक तांत्रिक अडचण होती. छत्री हे उत्तर चुकीचं होतं. सर तेव्हा पाय मोडून वॉर्डात पडले होते आणि तिच्या हातात बेडपॅन होता. छत्रीची आणि बसस्टॉपची गोष्ट तिने पुढे कधीतरी लोकांना सांगायला सुरुवात केली, आणि चाळीस वर्षं तीच चालत आली. दाखवलेलं उत्तर चुकीचं असल्यामुळे ती कॉपी धरता येत नव्हती. सरांनी प्रश्न खोडला नाही. स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘बेडपॅन.’

विसावा आणि शेवटचा प्रश्न: ‘नातीच्या शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता आकृती काढून दाखवा. दिशा व खुणा आवश्यक.’ इथे सरांनी दुसरं पेन घेतलं. उरलेला सगळा वेळ ते मान वर न करता काढत होते.

साडेअकराला मेट्रनने पेपर ओढून घेतला. चित्रकलावाल्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं आणि आदर्श उत्तरांचा कागद शेजारी ठेवून तपासायला बसले. बाकीचे भिंतीला टेकून उभे. मुलगा अजून मोज्यांवरच होता.

“बारा प्रश्नांचे बावीस,” शेवटी चित्रकलावाले म्हणाले. “सहा खोडलेले, त्यांना शून्य. सतरावा चूक. इथे ‘छत्री’ आहे. विसाव्याला पूर्ण पाच. एकूण सत्तावीस.”

सूनबाईंनी मुलाकडे बघितलं. मुलाने बुटांकडे बघितलं.

“आम्ही मदत केली नसती तर?” त्याने विचारलं.

“सहापैकी पाच येत होते,” सर म्हणाले. “बावन्न पडले असते. आलेखात पहिल्यांदाच रेघ वर गेली असती.”

त्यांनी वही ओढली, पहिलं पान उघडलं आणि नियमाखाली तारीख घालायला पेनाचं टोपण काढलं. ठिपकी भिंतीकडे तोंड करून उभी होती. धुतलेला हात अजून निळाच होता.

“थांबा,” मेट्रन म्हणाली. “सतरावा पुन्हा तपासा.”

“ताई, कागदावर स्पष्ट छत्री आहे,” चित्रकलावाले म्हणाले. “तुमच्याच अक्षरात.”

“कागदात चूक आहे.”

“मग हातात काय होतं?”

मेट्रनने आधी सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे. चाळीस वर्षं ज्यांना ज्यांना बसस्टॉपची गोष्ट सांगितली होती ते सगळे तिला त्या खोलीत उभे दिसत असावेत.

“बेडपॅन,” ती म्हणाली.

“रिकामा की—” मुलाने सुरुवात केली.

“ते विचारलेलं नाही!” मेट्रन कडाडली. “जेवढं विचारलंय तेवढंच.”

चित्रकलावाल्यांनी पाच गुण दिले. “बत्तीस.”

“तीन कमी,” सर म्हणाले. ते बायकोकडे बघत होते, आणि तीन कमी पडल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर जेवढं हवं तेवढं दिसत नव्हतं.

चित्रकलावाल्यांनी पेपर पुन्हा जवळ ओढला आणि विसाव्या प्रश्नाच्या आकृतीवर चष्मा टेकवला. शाळेचं फाटक, त्यापुढचं गळकं नळकोंडाळं, शिंप्याच्या दुकानातलं बिनडोक्याचा मापाचा पुतळा, त्याच्यासमोर ठिपकी रोज नमस्कार करते ती जागा, तीन पायांचा कुत्रा (दुपारची स्थिती), बाक, बाकाची सावली, वळणावरची तुटकी फरशी, तिच्यावरून उडी मारायच्या जागेवर फुली. वर उत्तर दिशा. खाली प्रमाण: एक सेंटिमीटर म्हणजे ठिपकीची वीस पावलं.

त्यांनी पाच खोडले आणि आठ लिहिले.

“पस्तीस,” ते म्हणाले. “उत्तीर्ण.”

“पाचपैकी आठ कसे होतील?” सर उठून उभे राहिले.

“पाच भूगोलाचे. तीन चित्रकलेचे.”

“हा भूगोलाचा प्रश्न आहे.”

“हो का?” चित्रकलावाल्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. “परीक्षा जवळ आली की माझे तास कोण घ्यायचं? ‘पोर्शन राहिलाय, आज चित्रकला नको.’ छत्तीस वर्षं. मी ब्रश धुऊन तयार, आणि वर्गात तुमचे वारे वाहतायत. मी कधी बोललो?”

“नाही,” सर म्हणाले.

“आज बोलतोय. त्यातले तीन गुण फक्त मागतोय. द्यायला मागतोय, घ्यायला नाही.”

सरांनी वही चाळली. पहिलं पान, दुसरं, मागचं मलपृष्ठ. पाच गुणांच्या प्रश्नाला पाचहून जास्त देऊ नयेत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं ते लिहावं लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि आलेखावर पस्तीसचा बिंदू दिला. रेघ अजूनही खालीच जात होती. फक्त तुटक रेघेपेक्षा जरा वरून.

“पुढच्या वेळी हे कलम घालतो,” ते म्हणाले.

“घाला,” चित्रकलावाले म्हणाले. “पुढच्या वेळी.”

सोमवारी साडेबाराला सर फाटकाशी हजर होते. ठिपकी आली, दप्तर त्यांच्या खांद्याला अडकवलं, आणि दोघं निघाले. नळकोंडाळं झालं. बिनडोक्याच्या पुतळ्याला नमस्कार झाला. कुत्रा जागेवर होता. बाकापाशी आले, आणि बाकाच्या पुढे जिथे रस्ता दोन्हीकडे फुटतो तिथे सर उभे राहिले.

उभे राहिले ते राहिले. डावीकडे एक रस्ता होता. उजवीकडे एक रस्ता होता. दोन्ही चांगले रस्ते होते.

“दमलात, आजोबा?” ठिपकीने विचारलं.

“नाही. जरा बघतोय.”

ठिपकी एक पाय बाकावर ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हती. तिच्या डाव्या मोज्यातून कागदाचा एक कोपरा डोकावत होता, आणि त्या कोपऱ्यावर उत्तर दिशेचा बाण होता, सरांच्याच हाताचा, झेरॉक्समध्ये थोडा तिरका आलेला.

मोजा, डावा. तारीख आज. इयत्ता तिसरी.

“कोपरा दिसतोय,” सर म्हणाले. “नीट लपवत जा.”

आणि ते वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर काही नव्हतं. एक जुना खिळा होता, त्याच्याकडे ते लक्षपूर्वक बघत राहिले. छत्तीस वर्षांत त्यांनी परीक्षार्थीकडे पाठ कधी केली नव्हती, त्यामुळे किती वेळ करायची असते याचा त्यांना अंदाज नव्हता. मागे कागदाची घडी उलगडल्याचा आवाज झाला, बोट फिरवल्याचा झाला, घडी पुन्हा घातल्याचा झाला.

“झालं, आजोबा,” ठिपकी म्हणाली आणि त्यांचा हात धरला. “डावीकडे. मग फरशीवरून उडी.”